सांगणारा आधी बसतो

मास्तर गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या ब्रेकखेरीज मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक होता, आणि तो दाबून दाबून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. कुणी भलत्या रस्त्याला वळलं की यांचा पाय खाली.

धाकटी मुलगी वळली तेव्हा मात्र ब्रेक लागला नाही. तिच्या कॉलेजात एक सोय होती. तयार पदव्या पसंत नसतील तर निरनिराळ्या विभागांतले विषय उचलून आपली पदवी आपणच बांधायची, आणि ती कशाला हवी ते प्राध्यापकांच्या गळी उतरवायचं. धाकटीने थोडं मानसशास्त्र घेतलं, थोडं फर्निचर, थोडं रांगांचं गणित, आणि एक सत्र नर्सिंगच्या मुलींबरोबर काढलं. पदवीला तिने नाव दिलं, 'वाट पाहण्याचा अभ्यास'.

"म्हणजे आधी वाट पाहायला शिकायचं, मग नोकरीची वाट पाहायची," मास्तर म्हणाले.

"आमच्या बसस्टॉपवर हे फुकटात शिकवतात," तिच्या मामाने री ओढली.

"हसा, हसा," आई म्हणाली. "ती हेच शिकणार." घरात शेवटचा शब्द आईचा असे, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

मुलगी काय शिकते असं कुणी विचारलं, की मास्तर 'मॅनेजमेंट' म्हणून मोकळे होत. पुढे रुग्णालयं, कोर्टं, कचेऱ्या आपल्या थांबायच्या जागा नीट करून घ्यायला धाकटीला बोलावू लागल्या. ती आधी तिथे दिवसभर नुसती बसे. लोक कुठे बघतात, कधी दचकतात, ते बघे. सोमवारी सकाळी गुणगुणत घराबाहेर पडे. थोरला मुलगा चांगला इंजिनिअर, पण रविवारी संध्याकाळीच त्याचं तोंड उतरायचं. हे मास्तरांना दिसत होतं. तरी ते मॅनेजमेंटच सांगत राहिले. एकदा बोललं ते बोललं.

आणि आज आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. रुग्णालय धाकटीने काम केलेलं. ती खाली औषधं आणायला गेली होती आणि मास्तर थांबायच्या खोलीत बसले होते. आपल्या बायकोचं काय होणार, याखेरीज त्यांच्या डोक्यात काही नव्हतं. शेजारी स्वेटर घातलेले एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा आत होता.

"बरोबर मुलगी ना? काय करते?" बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी विचारलं.

"मॅनेजमेंट."

बराच वेळ गेला. मग मास्तरांच्या ध्यानात आलं, की आपण अजून एकदाही उठलो नाही.

मास्तरांची स्वतःची आई गेली तेव्हा ते असेच एका बोळात बसले होते, दुसऱ्या रुग्णालयात. दार उघडलं की ताडकन उभे राहायचे. कधी पोछा घेतलेली बाई, कधी रिकामी ट्रॉली, कधी कुणाचा डबा. शेवटी डॉक्टर आले आणि चालता चालताच सांगून गेले. मास्तर तिथे फरशीवरच बसले. धाकटी तेव्हा शाळकरी होती, पाण्याची बाटली धरून शेजारी उभी.

इथे कामकऱ्यांचं दार दिसतच नव्हतं. त्यांची ये-जा मागच्या बाजूने. समोर एकच दार, आणि त्यातून फक्त निरोप घेऊन येणारं माणूस यायचं.

"नर्सने सांगितलं ना तुम्हालाही?" गृहस्थ म्हणाले. "बातमी कसलीही असो, सांगणारा आधी शेजारी बसतो, मगच बोलतो. कुणीतरी डोकं चालवलंय."

मास्तरांना ती फरशी आठवली, आणि बाटली धरलेली पोर. घरात आपण तिची थट्टा केली, बाहेर तिचं शिक्षण लपवलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

दार उघडलं. नर्स त्यांच्याच दिशेने येत होती. मास्तरांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत राहिला. ती आली, खुर्चीत बसली, मग म्हणाली, "ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर यायला वेळ लागेल, पण काचेतून बघता येईल."

मास्तरांना रडू फुटलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. गृहस्थ "छान झालं, छान झालं" म्हणाले आणि पुन्हा दाराकडे बघू लागले.

तेवढ्यात धाकटी आली. नर्सकडून कळताच तिने डोळे पुसले. "चला बाबा, आईला बघू."

"तू हो पुढे. यांचं कळेपर्यंत मी इथेच आहे."

ती पुढे गेली.

"मगाशी मी खोटं सांगितलं," मास्तर गृहस्थांना म्हणाले. "माझी मुलगी वाट पाहणं शिकलीय. ही खोली तिचीच."

"असंही शिकवतात कुठे?"

"कुठे शिकवतायत! तिचं तिनेच जुळवलं."

समोरचं दार उघडून नर्स आली. गृहस्थ धडपडत उठू लागले. मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"बसा," ते म्हणाले. "आधी ती येऊन बसेल."