ओबेंगचं मातीचं डोकं

माठाच्या काठावर पाणी काढायची डवली दोनदा टकटकली आणि दुपारची चिडीचूप शांतता मोडली. मळलेल्या मातीत दुफीचे हात तसेच थांबले. पाणी पिऊन झालं की डवली अशी आपटायची खोड एकाच माणसाला होती, आणि तो तर गेल्या पावसाळ्यात नदीत बुडून मेला होता.

वळून पाहिलं तर तिचा नवरा ओबेंग उभा. नुसता हाडांचा सापळा.

"पाणी कोमट आहे गं," तो म्हणाला.

प्रवाहानं त्याला लांबच्या गावी नेऊन टाकलं होतं, तिथं तो तापानं पडून होता. हे सगळं खरंच होतं. पण इकडे त्याचं डोकं घडवून झालं होतं, त्याचं काय?

गावात कोणी मेलं की दुफीच्या घराण्यातल्या बाईनं पाणी भरलेल्या भांड्यात बघायचं. मेलेल्याचा चेहरा पाण्यात वर येतो. तसंच डोकं मातीत घडवायचं, भाजायचं आणि झाडीत जिथं मेलेल्यांची डोकी ठेवतात, त्या मडक्यांच्या जागी नेऊन बसवायचं. ओबेंगच्या वेळी दुफीला पाण्यात दिसले ते स्वतःचेच सुजलेले डोळे, आणि खांद्यावरून डोकावणारी, पाठीला बांधलेल्या लेकीची, सेरवाची शेंडी. ती कुणाला काही बोलली नाही. तो चेहरा हातांना पाठ होता, हातांनी केला. फक्त त्याच्या डाव्या गालावरचा लहानपणीचा व्रण रडण्याच्या भरात उजव्या गालावर उमटला.

आता त्या व्रणावरच सगळं अडलं. ओबेंगचे मामा, नाना अडोमाको, म्हातारी मंडळी घेऊन झाडीत आले. डोक्यासमोर ओबेंगला बसवलं, आणि या गालावरून त्या गालावर सगळ्यांच्या नजरा फिरल्या. पाणी चुकत नाही, तेव्हा चुकला असेल तर हाच, असं ठरलं. डोक्याला ताडी पाजलेली, सणासुदीला कोनफळ आणि अंडं भरवलेलं. ते फोडावं तर माणसाला मारल्याचं पाप. मेलेल्याला घरात घ्यावं तर त्याहून वाईट. म्हणून उन्हं कलायच्या आत ओबेंगनं गाव सोडावं.

"पण मामा, मी जिवंत आहे हो."

"त्याबद्दल आमची काही तक्रार नाही," नाना समजुतीनं म्हणाले. "पण तू मेलायस ना, बाळा."

ओबेंगची बहीण फ्रेमा म्हणाली की डोकं कसं गुमान बसतं, हा मात्र आल्यापासून दोनदा जेवला.

ओबेंग दुफीकडे बघत राहिला. पाण्यात काहीच दिसलं नव्हतं म्हणावं, तर तिच्या आईनं, आजीनं घडवलेल्या डोक्यांवरचाही विश्वास उडणार. झाडीतलं एकेक डोकं परकं होणार. तिनं पदराला हात पुसले.

"नाना, मोठ्या माणसाच्या डोक्याशेजारी मातीचा हुजऱ्याही बसवतात. ओबेंगजवळ कुणीच नाही. लोक म्हणतात, मामानं भाच्यासाठी हात आखडता घेतला."

नानांचा चेहरा पडला. "मग घडव एक."

"मातीचा कशाला? हा आयता आलाय. तोंडवळाही जुळतो. राहील माझ्याकडे, डोक्याची सेवा करील."

मंडळींनी बराच वेळ खल केला. अखेर ओबेंगला ओबेंगचा हुजऱ्या नेमण्यात आलं. फ्रेमानं बजावलं, मालकाच्या आधी जेवायचं नाही.

सकाळी ओबेंग वाडगा घेऊन झाडीत गेला. डोक्यापुढे घास ठेवला, माश्या हाकलल्या, आणि रिवाजाप्रमाणे उरलेलं सगळं स्वतः खाऊन परत आला. डवली दोनदा टकटकली. दुफीनं मान खाली घातली, हसू लपवायला की रडू, तिचं तिलाच कळेना.

शेजारी बसून सेरवा मातीचे गोळे वळत होती. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, बाबा मेलेच नव्हते, तर तुला पाण्यात कोण दिसलं होतं?"