पाहणीचा दिवस

सकाळी सात वाजता सुनेनं सासूला खाटेवरून उचलून फरशीवर ठेवलं. मध्ये फक्त एक पोतं.

"अगं, जरा अलगद. धान्याची गोणी आहे का मी?" सासू म्हणाली.

"आई, आजचा दिवस काढा. नऊला पाहणीच्या बाई येतील, साडेनऊला जातील. मग लगेच वर घेते."

"मला गरीब दिसायला शिकवू नकोस. सत्तर वर्षांचा सराव आहे."

दोघी हसल्या. हसता हसता सासूला खोकल्याची ढास लागली, आणि ती थांबेपर्यंत सून तिची पाठ चोळत राहिली. मग खाट, गादी आणि रजई गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या धोबीण मावशींकडे गेली. ती रजई सुनेनं दोन वर्षं जमवलेल्या चिंध्यांची होती. शिंप्याकडून शर्ट घरी आणून ती त्यांना काजं करायची, बटणं लावायची. उरलेल्या चिंध्या शिंपी तिला देत असे.

घरात माणसं दोनच. सासूचा मुलगा म्हणजे सुनेचा नवरा, तो चार वर्षांपूर्वी बांधकामावरून पडून गेला. सासूची छाती भरलेली असायची. डॉक्टरांनी रोज दूध आणि महिन्याचं औषध सांगितलं होतं. ते दोन्ही साहाय्यक मंडळाच्या कार्डावर फुकट मिळे. पण कार्ड मिळण्याआधी घराची पाहणी होई.

आदल्या वर्षी सुनेनं पाहणीसाठी घर घासूनपुसून लख्ख केलं होतं. शेरा आला, 'घर नीटनेटके, गादी आहे. अपात्र.' तेव्हा मावशींनी कपाळाला हात लावला होता. "अगं वेडे, पाहुणे येणार म्हटलं की घर आवरायचं आणि पाहणी येणार म्हटलं की पसरायचं! सगळी गल्ली हेच करते. तुला कुणी सांगितलं नाही?"

त्या मंडळात मी लेखनिक होते. तेव्हा बाविशीची होते, आता ऐंशी उलटली. गरिबीविषयी आमच्या कचेरीत रोज वाद चालत. सचिवांचं म्हणणं, माणूस आळसानं गरीब होतो. खजिनदार नशिबाला दोष देत. पाहणीला जाणाऱ्या ताईसाहेब मनानं खरंच मऊ होत्या. त्या म्हणत, "खरे गरीब निराळे आणि सोंगाडे निराळे. खऱ्यांच्या तोंडातला घास सोंगाड्यांनी पळवू नये, म्हणून तर मी उन्हातान्हात हिंडते." एक गोष्ट मात्र तिघांनाही मान्य होती. गरिबाच्या घरात सुखाची एकही वस्तू दिसता कामा नये.

त्या दिवशी आम्ही नऊला गेलो नाही. मंडळाच्या अहवालासाठी छायाचित्र काढायचं होतं. छायाचित्रकार उशिरा आला, मग चहा झाला, मग ताईसाहेबांच्या मैत्रिणी आल्या. मीही दोन कप चहा घेतला. बाहेर इतका गारठा होता की कपाभोवतीचे हात सोडवत नव्हते.

तिकडे दहा वाजता सून म्हणाली, "आई, रजई तरी आणते."

"नको. नेमक्या तेवढ्यात येतील. आणखी एक वर्ष औषधावाचून काढू का?"

बारा वाजता सुनेनं स्वतःचं दुसरं लुगडं तिच्या अंगावर घातलं. दोन वाजता सासूचे ओठ निळसर दिसायला लागले. सून दाराकडे धावली, तेव्हा सासूनं तिचा पाय धरला. "थांब गं. एवढं झालं, आता थोडक्यासाठी नको."

साडेतीनला आम्ही पोहोचलो. फरशीवरची म्हातारी पाहून ताईसाहेबांचे डोळे भरून आले. "बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "याला म्हणतात खरी गरिबी. लिही, पात्र."

मी लिहिलं. आम्ही उंबरा ओलांडत असताना मागून सासूचा कापरा आवाज आला, "पास झाले ना गं मी? जन्मात पहिली परीक्षा!"

दूध दोन दिवस आलं. पहिल्या दिवशी तिनं अर्धी वाटी घेतली, दुसऱ्या दिवशी घोट गिळवेना. छाती पार भरली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

माणूस गेलं की आठवड्याच्या आत कार्ड परत करायचा नियम होता. सून कार्ड घेऊन कचेरीत आली. मी नोंदवही उघडली. शेवटचा रकाना होता, 'कार्ड बंद होण्याचे कारण'.

"काय लिहिताय, बाई?" तिनं विचारलं.

"वय झालं होतं ना त्यांचं..."

"वयानं नाही गेल्या. लिहा, पाहणीसाठी दिवसभर थंड फरशीवर निजवलं, त्यानं गेल्या. मी निजवलं, तेही लिहा. मला काय शिक्षा करायची ती करा. पण लिहा. परवा समोरच्या ओळीत पाहणी आहे. तिथल्या गवंड्याची आई माझ्या आईंपेक्षा थकलेली आहे. हे वरच्या लोकांनी वाचलं, तर पाहणी थांबवतील."

आतून सचिवांचा आवाज आला. "काय चाललंय? 'वृद्धापकाळ' लिहा आणि मोकळ्या व्हा. देणगीदार वही बघतात."

माझ्या पगारावर घरची चार माणसं जेवत होती. हे कारण खरं आहे, आणि ते पुरेसं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी टाक बुडवला. माझं अक्षर सुरेख होतं.

"लिहिलंत?"

"हो."

"कुठे? मला वाचता येत नाही. नुसतं दाखवा."

मी तिचं बोट धरलं. सुईनं टोचून टोचून ते खरखरीत झालं होतं. ते मी 'वृद्धापकाळ' या शब्दावर ठेवलं. शाई अजून ओली होती.

"बरं झालं, बाई," ती म्हणाली. "आता परवा त्या म्हातारीला कुणी खाली उतरवणार नाही."