उडत्या वीराचं लग्न

कंपालातल्या आमच्या व्हिडिओ हॉलमध्ये परदेशी सिनेमा चालू असताना मी माइकवर लुगांडा भाषेत गोष्ट सांगतो. ‘उडत्या वीरा’च्या पहिल्या भागात मी हौसेने वीराला आणि डॉक्टरणीला, दोघांनाही आमच्याकडच्या मम्बा कुळातलं करून टाकलं. आता दुसऱ्या भागात दोघं लग्नाला उभी!

“बंद कर!” शेंगदाणेवाल्या नाकिमुलीबाई गरजल्या. “एका कुळातले म्हणजे भाऊबहीण!”

सगळे बाकं बडवू लागले. मी सिनेमा थांबवला. काय व्हायचं ते होवो, खरं सांगायचंच.

“कूळ मीच ठोकून दिलं होतं. माफ करा.”

“तू कशाला माफी मागतोस?” बाई उसळल्या. “पहिला भाग तोंडपाठ आहे आम्हाला. गोष्ट विसरले ते हे सिनेमावाले! चालव पुढे, आणि ते लग्न मोड.”

मी माइक उचलला आणि लग्न मोडलं.