काचेवरचा तपकिरी रंग

दूध उतू जाण्याआधी तिने गॅस बंद केला, दोघी मुलींचे डबे भरले आणि ती आंघोळीला गेली. महिनाभर ती छातीची डावी बाजू नुसत्या पाण्यानेच धूत होती. साबणाचा हात तिथल्या गाठीवर अडखळत असे.

“अगं, आत झोपलीस की काय?” सासूबाईंनी दार वाजवले. “पोरींची शाळा भरायची वेळ झाली!”

“आलेच, आई.”

इस्पितळाच्या तळघरातील प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. रुग्णांच्या गाठींचे तुकडे मेणात बसवून त्यांचे पापुद्रे कापायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे, मग रंगवायचे. स्तनाची गाठ संप्रेरकांवर वाढणारी असेल तर तिच्या पेशींत तपकिरी रंग उमटे. अशी गाठ संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्यांना दाद देई. रंग न धरणारी गाठ बहुधा अधिक द्वाड निघे.

तिथे एक खेळ चाले. रुग्णाची माहिती ऐकून रंग येणार की नाही, ते आधीच सांगायचे. मूल नाही किंवा उशिरा झाले, पाळी गेल्यावर वजन वाढले, तर येणार. कोवळ्या वयात बाळंतपणे आणि बाळाला अंगावर पाजलेले नाही, तर कदाचित नाही. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. म्हणून सगळे तिला ज्योतिषीणबाई म्हणत.

हेच ज्योतिष आता तिच्या मुळावर आले होते. विशीच्या आत-बाहेर दोन बाळंतपणे, दोन्ही वेळा दूध आटलेले. गाठ कुणाला दाखवण्याआधीच तिने तिचा निकाल लावून टाकला होता.

“बोला, ज्योतिषीणबाई,” काचा तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी रंगवायची नवी काच पुढे सरकवली. “दोन मुलं, पहिलं एकोणिसाव्या वर्षी. पाजलेलं नाही.”

तिने काच हातात घेतली. “नाही येणार रंग.”

“पैज?”

“चहाची.”

दुपारी डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली आणि तिला जागा करून दिली. काचेवर गर्द तपकिरी ठिपके दाटले होते.

“असं कसं?” तिचा आवाज चिरकला.

“अगं, हजार बायकांत काय जास्त आढळतं, तेवढंच आपल्याला ठाऊक. ही एक त्यातली कोणती, ते तपासल्यावाचून कसं कळणार? चल, चहा पाज.”

भीती गेली नाही. उलट, इतके दिवस जिच्याआड ती लपली होती ती खात्रीही हातची गेली. ती गाठ कसलीही असू शकत होती. कदाचित कर्करोगाची नसेलही, आणि असली तर वाट पाहणार नव्हती.

तिने हातमोजे काढले, हात धुतले. चहाचा कप डॉक्टरबाईंच्या टेबलावर बशीने झाकून ठेवला आणि जिना चढून ती स्तनविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात गेली.

“रिपोर्ट तिथे ठेवा,” परिचारिका मान वर न करता म्हणाली.

“रिपोर्ट नाही आणलेत. मलाच दाखवायचंय.”

परिचारिकेने वर पाहिले आणि बाकाकडे बोट दाखवले. दोन अनोळखी बायकांनी सरकून तिला मध्ये जागा दिली.