देवयानीबाईंची टोपली

देवयानीबाई गेल्या त्याला आता आठ महिने झाले. तेवढ्या काळात त्यांचे यजमान अण्णा कुकर लावायला शिकले, भाजीत मीठ किती घालायचं ते शिकले, पण गॅलरीतल्या टोपलीपुढे मात्र त्यांनी साफ हात टेकले.

टोपली म्हणजे काही अजब प्रकार नव्हे. धुण्याचे कपडे टाकायची भोकाभोकांची प्लास्टिकची टोपली, तिच्यात ओल्या कचऱ्याचं खत व्हायचं. देवयानीबाईंनी ती सुरू केली आणि अकरा वर्षं चालवली. खत काढताना थोडं मागे ठेवायचं, विरजणासारखं, आणि त्याच्यावर नवा कचरा घालायचा. मजल्यावरच्या बायका सकाळी सालींचे डबे घेऊन यायच्या, दहा मिनिटं गप्पा ठोकायच्या आणि जाताना कुंडीसाठी खत न्यायच्या. डोंबिवलीतल्या त्या एका मजल्याचा ओला कचरा त्या अकरा वर्षांत पालिकेच्या गाडीवर गेला नाही. अण्णा तेव्हा तोंडापुढे पेपर धरून ‘काय बाजार मांडलाय सकाळी सकाळी’ म्हणून पुटपुटायचे. आता बसा म्हणावं शांततेत!

कारण बाई गेल्यापासून एकही डबा आला नव्हता. त्या सगळ्या तिच्यासाठी यायच्या, माझ्याकडे कशाला येतील, असं अण्णांनी ठरवून टाकलं होतं. आणि एकट्या माणसाचा कचरा तो केवढा? अर्ध्या कांद्याची टरफलं, एका बटाट्याची सालं, चिमूटभर चहाचा चोथा. चालू टोपलीत हात घातला की आत गरम लागतं. ही गार पडत चालली होती.

अण्णांनी गुळाचं पाणी घालून पाहिलं, आंबट ताक घालून पाहिलं. मग एके दिवशी बाजारातून तीन किलो मटार आणले. शेंगांची टरफलं टोपलीला, आणि दाणे? चार दिवस दोन्ही वेळा मटारची उसळ खाऊन पोटाचा नगारा झाला. पुढे कोबी झाला, दुधी झाला. शेवटी गुरुवारी त्यांनी एक आख्खी पिकलेली पपई चिरून सरळ टोपलीत घातली. अहो, घरात कचरा कमी व्हावा म्हणून जी बाई उभा जन्म झटली, तिच्याच टोपलीसाठी हा गृहस्थ कचरा विकत आणत होता! काय म्हणावं या शहाण्याला?

रविवारी झाकण उघडलं तर आत नुसता काळा चिकट राडा, आणि वास असा की शेजारचे लोक आपले वाळत घातलेले कपडे काढून नेतील. अण्णा गॅलरीत पेपर पसरून बसले. एका कडेला ओंजळभर कोरडं जुनं खत तेवढं शाबूत होतं, ते त्यांनी विरजणाला बाजूला काढलं. तिने अकरा वर्षं जगवलेलं आपण आठ महिन्यांत मारायला निघालो, असं मनात आलं आणि त्यांना रडू फुटलं. बाई दुसऱ्यांदा चालली होती, आणि या खेपेला दोष सगळा त्यांचाच होता.

आता एकच उपाय होता, चार घरची रोजची सालं. पण मागायची कुणी? चौतीस वर्षं कळव्याच्या कंपनीत ड्रॉइंग काढली, हक्काची रजा मागतानासुद्धा ज्यांची जीभ अडखळायची, त्यांनी आता दारोदार कचरा मागायचा! संध्याकाळी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि समोरच्या रसिकाच्या दारात जाऊन उभे राहिले.

“अण्णा? बरं नाही का वाटत?” रसिका घाबरलीच.

“नाही, तसं काही नाही. ते... तुमच्याकडे सालं असतात का? भाजीची?”

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिने कपाळावर हात मारला. “अहो, मी दोनदा आलेले डबा घेऊन, तुमच्या दारापर्यंत! पण सासूबाई म्हणाल्या, दुःखाच्या घरी कचरा घेऊन जातात का गं, वर्ष तरी होऊ दे. मग मजल्यावर सगळ्यांनीच तसं ठरवलं. तुम्हाला कसं वाटेल म्हणून.”

“मला वाटलं, तुम्ही तिच्याकडेच येत होतात,” अण्णा म्हणाले.

ती आत गेली आणि डबा भरून घेऊन आली. मेथीच्या काड्या, केळ्याची सालं, लिंबाच्या फोडी.

“तुम्हाला त्रास नको, अण्णा. मी रोज ऑफिसला निघताना डबा तुमच्या दाराबाहेर ठेवत जाईन. बेलसुद्धा नाही वाजवणार. बाकीच्यांनाही तसंच सांगते.”

“बरं होईल,” अण्णा म्हणाले.

काम फत्ते झालं होतं. टोपली आता जगणार होती. डबा घेऊन ते आपल्या दाराशी आले, कुलपात किल्ली घातली, पण ती फिरवेना. आतलं घर जसंच्या तसं असणार होतं. ते मागे वळले. रसिका दार लावायच्या बेतात होती.

“रसिका,” अण्णांनी हाक मारली, “बेल वाजवत जा गं. मी घरीच असतो.”