हिरवा दगड आणि त्याखालच्या तीन चिठ्ठ्या

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं, जागा पुष्कळ आहे. आज एका हिरव्या दगडाची गोष्ट सांगतो, आणि शहात्तराव्या वर्षी त्या दगडापाशी शिकवणी लागलेल्या एका माणसाची. पूर्वरंग लांबवत नाही. देवानं डोंगराच्या पोटात एवढे रंग भरले ते माणसानं वाकून बघावं म्हणूनच, इतकं म्हणतो आणि थेट आख्यानाला लागतो.

कॅनडातल्या बॅनक्रॉफ्ट गावी दगडवेड्यांच्या मंडळात डेल्मर वर्मकेचा शब्द शेवटचा. उन्हाळा लागला की लोक जुन्या खाणींचे ढिगारे उपसत, बादल्या भरून दगड आणत आणि शनिवारी सभागृहात त्याच्या टेबलापुढे रांग लावत. डेल्मर दगड जिभेनं ओला करी, भिंगातून न्याहाळी, चाकूचं टोक लावून बघी, आणि मगच नाव सांगे. "रंगाला भुलू नका," हे त्याचं पालुपद. "रंग म्हणजे दगडाचा रविवारचा कोट. आधी चाचणी, मग नाव!"

मंडळाचा एक जुना दंडकही होता. दगडाखालची चिठ्ठी कधी फाडायची नाही. नाव चुकलं तरी ती राहते, आणि दुरुस्ती तिच्याखाली दुसऱ्या चिठ्ठीवर, सहीनिशी.

ऑगस्टमधल्या दगडांच्या मेळ्याला आठवडा उरला होता. नवशिक्यांचा वर्ग भरला होता. मंडळाची चिटणीस डोरीन हिनं कपाटाच्या खणातून बोटभर लांबीचा, सहा बाजूंचा हिरवा स्फटिक काढून डेल्मरच्या हाती दिला.

"हा अ‍ॅपेटाइट," डेल्मर म्हणाला. "आपल्या भागात भाजीसारखा मिळतो. दिसतो देखणा, पण अंगानं मऊ. हा बघा, चाकूचा ओरखडा उठतो."

त्यानं चाकू ओढला. करडी रेघ उठली. सगळ्यांनी माना डोलावल्या. डेल्मरनं सवयीनं रेघेवरून अंगठा फिरवला, आणि रेघ पुसली गेली. दगडावर काही नव्हतं. झिजलं होतं ते चाकूचं पोलाद.

त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

"चाकू बोथट झालाय," तो म्हणाला आणि दगड खिशात टाकला. एवढ्या वर्षांत त्या टेबलावर तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

लोक गेल्यावर त्यानं खणातल्या चिठ्ठ्या काढल्या. वरची गोल अक्षरात: ‘बेरिल. आमच्या गोठ्यामागची टेकडी. बर्नाडेट यांता.’ खालची त्याच्या स्वतःच्या हातची: ‘अ‍ॅपेटाइट. डे. व.’ तारीख एकतीस वर्षांपूर्वीची.

त्याला सगळं आठवलं. गाई पाळणारी बर्नाडेट रुमालात गुंडाळून दगड घेऊन आली होती. बेरिल म्हणजे पाचूचा सख्खा भाऊ, आणि ही बाई ते नाव घेते! तो तीस माणसांपुढे म्हणाला होता, "बर्नाडेट, इकडे हिरवा आणि सहा बाजूंचा म्हणजे अ‍ॅपेटाइट. पाचूचा भाऊ तुझ्या शेणाच्या ढिगामागे कशाला राहायला येईल?" सभागृह हसून लोटपोट झालं. तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि दगड टेबलावरच सोडून निघून गेली, ती पुन्हा आलीच नाही. चाकू त्या वेळीही त्याच्या हातात होता. त्यानं तो लावलाच नव्हता.

आता नवी चिठ्ठी लिहून दगड गुपचूप खणात सारता आला असता. कुणाला कळलं असतं? पण त्याला घास गोड लागेना. जो दुसऱ्यांना ‘आधी चाचणी’ सांगतो त्यानंच ती केली नव्हती, मग टेबलामागे बसायचं कुठल्या तोंडानं? रविवारी चर्चमधून तो परस्पर यांतांच्या शेतावर गेला.

बर्नाडेट स्वयंपाकघरात बटाट्याचं सारण भरून पिरोग्यांच्या, म्हणजे पोलिश करंज्यांच्या, कडा दाबत होती. "कोण, मास्तर? गाडी बंद पडली की रस्ता चुकलास?"

त्यानं स्फटिक तिच्यापुढे ठेवला. "हा बेरिल आहे."

"हो का? बातमी आहे!" तिनं मान वर केली नाही. "त्या खिडकीच्या काचेचा खालचा कोपरा बघ."

काचेवर वीतभर लांब चरा होता.

"याच्या जोडीचा दुसरा आहे माझ्याकडे. त्याच संध्याकाळी ओढला. अ‍ॅपेटाइटनं काच कापली जात नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. नवरा ओरडला, काचेची वाट लावलीस! मग गारगोटीवर ओढला, तिच्यावरही चरा उठला. तेव्हा गप्प बसला."

"मग येऊन सांगितलं का नाहीस?"

"मी सांगू? चाकू तुझ्या हातात होता." तिनं हात पुसले. "चुकलास याचा राग नाही, डेल्मर. दगड भल्याभल्यांना फसवतात. तू बघितलंच नाहीस. दगडाकडेही नाही, माझ्याकडेही नाही."

डेल्मरनं टोपी काढली. "मला माफ कर."

"इथे कोण आहे ऐकायला? मांजर. हसायला तीस जण होते."

"शनिवारी मेळ्यात चारशे असतील गं."

"मग जरा मोठ्यानं बोल. बस आता, पिरोग्या खाऊन जा. रडवेलं तोंड करून माझ्या घरून उपाशी जायचं नाही."

शनिवारी डेल्मर टेबलामागे उभा राहिला. "आज पहिला दगड माझा," तो म्हणाला. त्यानं स्फटिकानं काचेवर चरा उठवला, गारगोटीवर उठवला, आणि सगळं सांगितलं. शेणाच्या ढिगावरचा विनोद शब्दन् शब्द सांगितला. बोथट चाकूचं खोटंही सांगितलं. "मंडळाला वाटलं तर हे टेबल दुसऱ्या कुणाला द्या."

मग मागून आवाज आला, "अरे, मग तू गार्नेट म्हटलेल्या माझ्या लाल दगडाचं काय? तोही बटाटा निघायचा!"

सभागृह खदखदून हसलं. डेल्मरही हसला. "आणा, सगळे परत आणा! पुन्हा तपासतो!"

त्यानं आपली जुनी चिठ्ठी फाडायला उचलली, तोच निळा रुमाल बांधलेली बर्नाडेट गर्दीतून पुढे आली. "ए, दंडक मोडतोस? राहू दे तिला. खालची लिही."

त्यानं लिहिलं: ‘बेरिल. बर्नाडेट यांता यांचं बरोबर होतं. चाचणीला एकतीस वर्षं उशीर. डे. व.’

तिनं चष्मा लावून वाचलं. "उशिराखाली रेघ ओढ."

त्यानं ओढली, आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बस. एवढी रांग एकट्याला उरकायची नाही."

"मी? गाईंची धार कोण काढेल?"

"संध्याकाळी मी येतो काढायला."

"तू? लाथ खाशील," म्हणत ती बसली, आणि रांगेतला पहिला दगड उचलून तिनं उजेडाकडे धरला.

आख्यान इथे संपलं. आता घरी जाताना एवढं करा मंडळी: ज्या कुणाचं म्हणणं तुम्ही कधी न तपासताच हसण्यावारी नेलं असेल, त्या माणसाची आठवण काढा. आणि त्याच्या जोडीला बर्नाडेटबाईंचीही काढा.