काचेवरचा हिरवा पंजा

शिंप्याच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. जिन्यात रांग, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळलेल्या. तिथे माशांची काचपेटी होती आणि तिच्या मागच्या काचेवर, पाण्याआड, एक हिरवा पंजा उजळला होता. तळवा, चार बोटं, अंगठा, अगदी लहान मुलीचा हात.

"पोर आली हो, आईला भेटायला आली!" शेजारच्या काकूंनी डोळे पुसले.

जलमहाराज खुर्चीत ऐसपैस बसले होते. "हिरवाच रंग का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तेच सांगू लागले, "हिरवा दिवा लागला की गाडी सुटते की नाही?"

"सुटते!" लोक म्हणाले.

"तशी ही तिकडून सुटून आलीय!"

यात काय कळण्यासारखं होतं देव जाणे, पण लोकांनी माना डोलावल्या.

शिंपी कोपऱ्यात उभा होता. त्याची नऊ वर्षांची लेक तापानं गेली, तेव्हापासून बायकोनं अंथरूण धरलं होतं. काकू महाराजांना घेऊन आल्या. महाराजांनी मुलीच्या हाताची खूण मागितली. आईनं कपाटातून बालवाडीतला कागद काढून दिला. रंगात हात बुडवून उमटवलेला तो पंजा तिनं जिवापाड जपला होता. मग महाराजांच्या चेल्यानं पेटी घासून लख्ख केली, खिडकीला चिकटवून ठेवली, पुढून जाड कापड टाकलं आणि बजावलं, महाराज सांगतील तोवर उघडायचं नाही. काही आठवड्यांनी महाराजांनी कापड ओढलं, तर हा पंजा! त्या दिवशी बायको हसली. कित्येक महिन्यांनी हसली. म्हणून मनात शंका असूनही शिंप्यानं तोंडाला कुलूप घातलं. बुडत्याला काडीचा आधार, तो आपण कशाला काढून घ्या?

पण महाराजांचे नियम वाढत गेले. काच घासायची नाही, पाणी बदलायचं नाही. येणारा प्रत्येक भक्त पावाचा तुकडा पाण्यात सोडणार. पाण्याला वास सुटला. एकेक करत मासे उलटे होऊन तरंगले. उरली ती मुलीची लाडकी केशरी मासोळी, आणि आता तीही पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होती.

"महाराज, हिला श्वास घेता येत नाही," शिंपी म्हणाला.

"तिलाही पोरीकडे जायचंय," महाराज हसून म्हणाले. "जाऊ दे."

शिंप्याच्या डोक्यात तिडीक गेली. रोज तिला मोजून खाऊ घालणारी लेक त्याला आठवली. तो पेटीजवळ गेला आणि सवयीनं त्याची नजर त्या पंजाचं माप घेऊ लागली. दरवर्षी तो लेकीच्या बाह्या वाढवून देत आला होता. इस्पितळात शेवटच्या रात्री तो हात त्याच्याच हातात होता. ते माप त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"हा तिचा हात नाही," तो म्हणाला.

बायको ताडकन उठली. "असं बोलू नका हो!"

"अगं, हा पाच वर्षांच्या पोरीचा हात आहे. आपली नऊची होती."

"पेटीला शिवलास तर पोर परत जाईल!" महाराज गरजले. बायकोनं त्याचा दंड धरला. "पाया पडते तुमच्या. राहू दे ना ती."

शिंप्याला रडू फुटलं. पंजाभोवतीची काच मागून एवढी काळी का, हे बघायला रडतच त्यानं खिडकी आणि काच यांच्यामधल्या फटीत हात घातला आणि काळा जाड पुठ्ठा ओढून काढला. पुठ्ठ्याला मधोमध पंजाच्या आकाराचं भोक होतं, बालवाडीच्या कागदावरच्या पंजाएवढंच.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

"दुकानाच्या काचेत कापड ठेवलं की ऊन लागेल तेवढंच विटतं," शिंपी म्हणाला. "इथं ऊन या भोकातून आलं, तेवढ्याच जागी शेवाळ धरलं. शेवाळाला काय लागतं? ऊन आणि उष्टं. हे मला माझ्या लेकीनं शिकवलंय. दर रविवारी जुना ब्रश घेऊन काच घासायची आणि मला दटावायची, पप्पा, जास्त खायला घालू नका."

"श्रद्धा नाही तिथे आम्ही थांबत नाही," महाराज म्हणाले आणि चपलांच्या ढिगात स्वतःच्या चपला शोधू लागले. गर्दी पांगली. काकू मात्र दारात थांबल्या. "हसत होती बिचारी. काय मिळवलंत?"

शिंप्यानं हातातला पुठ्ठा कोपऱ्यात टाकला.

बायको जमिनीवर बसली होती. "म्हणजे ती आली नव्हती?"

"नाही गं."

"येणारही नाही?"

त्यानं नुसती मान हलवली. ती हंबरडा फोडून रडली. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच रडली. तोही तिच्याजवळ बसून रडला.

मग पाण्यावर मासोळीनं तोंड उघडल्याचा बारीक आवाज आला. बायकोनं डोळे पुसले. "पाणी किती काढायचं? सगळं?"

"सगळं नाही. थोडं काढून थोडं ताजं घालायचं. एकदम बदललं तर मासे दचकतात, असं ती म्हणायची."

दोघांनी कुजलेले तुकडे वेचले, थोडं पाणी बदललं, पेटी उन्हातून बाजूला ओढली. मग तिनं ब्रश घेतला. एकेक बोट पुसत ती अंगठ्यापाशी थांबली. तिनं ओठ घट्ट मिटले आणि अंगठाही पुसून टाकला.

काकूंच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. खोट्या हसण्यानं दुःख बरं होत नाही, नुसतं झाकलं जातं, आणि त्या झाकणाखाली जे जिवंत उरलंय तेही गुदमरून मरतं. ज्याचं माणूस गेलंय त्याला रडू द्या, त्याच्याजवळ बसा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तोच हात एकदा काचेच्या मागे घालून बघा.